राजीखुशीचा पाट

२ ऑक्टोबर १९२९, कसबा हिवरी

ओव्हरसिअर वामनरावांनी ही कोरी वही दिली. म्हणाले, "तुळशीरामजी, आता तुम्ही पाणीपंच झालात. काय घडलं ते थोडक्यात टिपत जा. पुढे वाद निघाला तर उपयोगी पडेल."

थोडक्यात लिहिणं मला जमतं. मी अक्षरं शाळेत शिकलो नाही. नांदुऱ्याच्या जिनात हमाल होतो, तिथे कापसाच्या गाठींवरची नावं वाचून शिकलो आणि पुढे रंगाचा ब्रश हातात घेऊन तीच नावं लिहायला लागलो. गाठीवर जागा हातभर. जास्तीचा शब्द लिहिला की मुकादमाची शिवी. आज माझ्या स्वतःच्या गाड्या चालतात, पण खोड तीच आहे.

काम असं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी बांध झाला, त्यातून पाट काढून तो अकरा मैल आमच्या कसब्यापर्यंत आणला. आता खालची अठरा वावरं राहिली. तिकडे फाटा न्यायचा तर तो रुखमाबाईच्या नऊ एकरांतूनच जाऊ शकतो. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला मसणवटा. खात्याचं म्हणणं, त्या बाईची लेखी संमती आणा, नाहीतर फाटा विसरा.

रुखमाबाई आमच्याच कुणब्यांतली. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, पोरबाळ नाही, एकटी कसते. तिचा दीर रंगराव त्या नऊ एकरांकडे असा पाहतो की जणू काही त्याचीच म्हैस दुसऱ्याच्या गोठ्यात बांधली आहे. त्यामुळे ती कुठल्याच कागदाला हात लावत नाही. बरोबरच आहे तिचं.

अकरा मैल पायी हिंडून आलो. पाठीवरून गाठी वाहिल्या तेव्हा कळलं नाही, आता गुडघे हिशेब मागतात.

५ ऑक्टोबर

पारावर सभा. वामनरावांनी छापील कागद वाटले. त्यावर ओळ होती, 'मी कालव्यास संमती देत आहे.' वाचून दाखवली तशी सभा खदखदायला लागली. म्हातारे उकंडराव उठून म्हणाले, "साहेब, माह्या घरी तीन सुना हायेत. कालव्याले माही दहा वर्षांपासून संमती हाये."

वामनराव पुण्याकडचे. लाल होऊन म्हणाले, "अहो, कालवा म्हणजे गोंगाट नव्हे! कालवा म्हणजे कॅनॉल!"

मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडं कालवा कानानं ऐकतात. पाणी वाहते तो पाट. ते लिहा."

"आमच्याकडे पाटावर बसून जेवतात, तुळशीरामजी."

"मंग जेवूनच जा आज."

हसले बिचारे. गृहस्थ चांगला आहे. सगळ्या कागदांवरचा 'कालवा' मी माझ्या हाताने खोडला आणि वर 'पाट' लिहिलं. सोळा जणांनी तिथेच अंगठे दिले. मागच्या रांगेत दोघं कुजबुजले, "पाणी आलं का हा हमाल पाटील होते पाय." मला ऐकू गेलं. माझे कान तिखट आहेत. जिनाच्या घरघरीत मुकादम दुसऱ्याच्या कानात काय बोलतो ते ऐकून मी गाडीवान झालो आणि व्यापारी आपसात काय बोलतात ते ऐकून गाड्यांचा मालक. त्या दोघांना मी तंबाखू दिली.

खोडून खोडून बोटं आखडली.

९ ऑक्टोबर

मनकर्णाबाई सोनाळ्याहून आली. ही माझी थोरली बहीण. सहा वर्षांपूर्वी माझी बायको गेली आणि पाठोपाठ दोन्ही मुली सासरी गेल्या, तेव्हापासून माझं घर हीच सांभाळते. सोनाळ्याला तिच्या नणंदेच्या विधवा सुनेचा पाट लागला. दुसऱ्या नवऱ्याच्या घरी सुखात पोचवून आली.

"पन वावर गेलं तिचं," भाकरी थापता थापता म्हणाली. "पाट लागला का पहिल्या घरचं सुटलंच. दिरानं दुसऱ्याच दिवशी तिफन घातली."

"कायदाच हाये तो," मी म्हटलं. माझं चित्त फाट्याची रुंदी किती धरावी यात होतं.

"जाऊ दे गेलं तर. बाईनं एकटीनं किती वर्ष ढकलावं? आन मानसानं तरी का गा?"

असं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तवा पाय, भाकर जळून राह्यली."

१४ ऑक्टोबर

वामनरावांची चिठ्ठी आली. नोव्हेंबरच्या दहा तारखेच्या आत रुखमाबाईचा होकार नसेल तर फाट्याचे मजूर दुसऱ्या कामावर जातील. खालच्या अठरा जणांनी माझ्या शब्दावर अंगठे दिले आहेत. मी स्वतः एकदम गेलो तर बाई बिचकेल, म्हणून मनकर्णाबाईला पुढे घातलं.

"रुखमाबाईच्या घरी जा. म्हनावं, तुळशीराम पाटाची गोष्ट कराले येनार हाये. मन तयार ठेवा."

तिचे हात पिठात तसेच राहिले. "खरंच म्हनतं का गा तू?"

"थट्टा काऊन करीन? सहा वर्षं झाले, मनात तेच हाये. आता नाही थांबवत."

बाईने पदराने डोळे पुसले. चूल आज फार धुरकटली आहे, धुराडं साफ करून घ्यायला हवं. म्हणाली, "मीच म्हननार होती तुले. पन तुह्या तोंडून आलं ते बरं झालं." फाट्याची एवढी आस्था हिला असेल असं वाटलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर

मनकर्णाबाई रुखमाबाईकडे जाऊन आली. म्हणाली, "काही बोलली नाही. लाजली. पन नाही म्हनत नाही."

कागदाचं नाव काढलं की आपले लोक नव्या सुनेसारखे लाजतात. या गावात निम्मे पुरुषसुद्धा अंगठा देताना लाजले. चला, नाही म्हणत नाही हे मोठं.

२० ऑक्टोबर

रुखमाबाईकडे जाऊन आलो. मनकर्णाबाई बरोबर होती. अंगण शेणाने असं लिपलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. स्वतः धुवट लुगडं नेसून चौकटीशी उभी. एरवी लांबून 'तुळशीरामभाऊ' म्हणून हाक मारते. आज 'भाऊ' म्हणाली नाही. मनात राग असावा असं समजून मी फार जपून सुरुवात केली.

"मनकर्णाबाईनं सांगतलं असन."

"हो."

"मंग तुमचं काय म्हननं?"

"लोक काय म्हनतीन?"

"लोक आज हसतीन, उद्या तेच म्हनतीन का चांगलं झालं. सोळा जनायनं तर पारावरच मान डोलावली."

ती चमकली. "पारावर बोलले तुम्ही?"

"त्यात लपवाचं काय? चांगलं काम हाये."

पदर तोंडाला लावून खाली पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "या वयात?"

नव्या रीतीची शेती या वयात कशी झेपेल, ही भीती सगळ्यांनाच आहे. मी म्हटलं, "वयाचं काय घेऊन बसल्या? मी तुमच्याहून दहा-बारा वर्षांनं मोठा. एकदा आला का जन्माचा आधार होते."

मनकर्णाबाई उगीचच हसली.

"आन वावर?" रुखमाबाईने विचारलं.

मी खोटं बोलत नाही. फाट्यापुरती चार हात पट्टी तर जाणारच. म्हटलं, "वावर जाईन. त्याच्याबिगर पाट होतच नाही."

"ठाऊक हाये मले." तिने गोठ्याकडे पाहिलं. "जाऊ द्या. आठ वर्षं एकटीनं कसलं. संध्याकाळी घरी आली का बोलाले भिंत. थकली मी. एकच सांगते, माही म्हैस मी सोडनार नाही."

"म्हशीले कोन हात लावते? म्हैस तर आनखी सुखात राहीन."

तेव्हा ती हसली. आठ वर्षांत या बाईला हसताना मी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "दिवाळी होऊ द्या. आन कागद करा. नुसत्या बोलन्यावर माहा भरोसा नाही."

कागद तर मलाच हवा होता! अठरा पुरुषांना पटवताना माझ्या घशाला कोरड पडली आणि ही बाई स्वतः कागद मागते. येताना मनकर्णाबाईला म्हटलं, "पाह्यलं? गोड बोललं का मानूस वावरसुद्धा सोडते." ती म्हणाली, "तूही थोडा लाजाचं होतं गा." बायकांचं काही कळत नाही.

५ नोव्हेंबर

भाऊबीज उरकली, मुली आपापल्या घरी गेल्या. आज रुखमाबाईचा अंगठा घेतला. छापील कागद संपले होते. वामनराव म्हणाले होते की साध्या कागदावर चालेल. मी लिहिलं:

'पंच तुळशीराम यांनी माझ्याकडे पाटाची गोष्ट काढली. तीस मी राजीखुशीने कबूल आहे. पाट झाल्यावर माझे वावर जाईल त्याबद्दल माझी तक्रार नाही.'

तीन ओळी. वकिलाने तीन पानं केली असती. मोठ्याने वाचून दाखवलं. तिने एकदा सगळं ऐकलं, मग म्हणाली, "ते राजीखुशीचं पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. तिने अंगठा दिला. हातात नव्या बांगड्या होत्या, किणकिण ऐकू आली. दिवाळीला कासार येऊन गेला असावा.

साक्षीला मी मुद्दाम रंगरावला बोलावलं, म्हणजे पुढे दिराने तक्रार करायला नको. वाटलं होतं भांडेल. पण माणूस एकदम लोणी! "तुळशीरामभाऊ, आमच्या घरून काहीच आडकाठी नाही. भावजय सुखात राह्यली पायजे. नऊ एकराचं आमी पाहून घेऊ, तुम्ही फिकीर नका करू." माझ्या हातची एक नक्कलही मागून घेतली. दिली.

वहाणेचा तळ नालाकाठच्या चिखलात अडकून निघाला. तसाच अनवाणी घरी आलो आणि न जेवता पडलो.

११ नोव्हेंबर

फाट्याचं खोदकाम सुरू. पहिली कुदळ रुखमाबाईच्या बांधावर. ती शेजारच्या बाभळीखाली उभी होती. मजुरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "हे काऊन खनून राह्यले?"

म्हटलं, "पाटासाठी."

"पान्यासाठी मी कधी नाही म्हनलं?" म्हणाली. "आपल्या मानसायले का कोनी अडवते?"

अशी दिलदार बाई. मजुरांना ताक पाजलं.

१८ नोव्हेंबर

आज एक विचित्र गोष्ट झाली, कशी लिहावी कळत नाही. जेवताना मनकर्णाबाई म्हणाली, "रुखमाबाई इचारते, दिवस कोनता धरला?"

"तो माह्या हातात कोठं हाये? वामनराव ठरवतीन."

"बामनाले पाटात कोन इचारते गा?"

"मंग दरवाजा कोन उघडन? त्याच्याबिगर पाट सुटन कसा?"

तिच्या हातातली वरणाची पळी तशीच राहिली. मग म्हणाली, "तू पान्याचं म्हनत होता?"

"मंग कशाचं?"

ती उठून मागच्या दारी जाऊन बसली. तिची तब्येत बरी नसावी. अंगात कणकण आहे का विचारलं तर म्हणाली, "तू कानाचा तिखट म्हने!" आणि रडायला लागली. वैद्याला बोलावतो म्हटलं तर नको म्हणाली. उद्या सुंठीचा काढा करायला सांगतो.

२५ नोव्हेंबर

जग सुधारतं असं म्हणतात ते खरं असावं. रंगराव स्वतःची तिफण घेऊन रुखमाबाईच्या वावरात गहू पेरत होता! आठ वर्षांत भावजयीच्या बांधावर पाय न ठेवणारा माणूस. मी रस्त्यावरून हाक मारली, "शाबास रंगराव!" त्याने हात जोडले. "तुमचीच कृपा, भाऊ."

रुखमाबाई घराच्या ओसरीत बसली होती. आत बोलावलं नाही, पण वाईटही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "त्यायची घाई पाह्यली का? आन तुम्हाले घाई नाही." मी म्हटलं, "होते होते, खोदकाम आठ दिवसांत आटोपते." माझ्याकडे अशी पाहत राहिली की मला पाठ फिरवून चालताना अवघड वाटलं. कारण समजलं नाही. घरी मनकर्णाबाईला सांगितलं, तर ती अजूनही माझ्याशी धड बोलत नाही. कुठेतरी काहीतरी राहून गेलंय असं दिवसभर वाटत होतं. थकलेल्या माणसाला असं वाटतं.

२ डिसेंबर

तहसिलीतून बोलावणं आलं. वाचून आधी हसलो, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

रंगरावने अर्ज दिला आहे. 'माझी भावजय रुखमाबाई हिने तुळशीराम यांच्याशी पाट लावण्याचे कबूल केले, लेखी दिले, वावरावरील हक्क सोडला. सबब नऊ एकर माझ्या नावे करावे.' सोबत पुरावा म्हणून माझ्याच हातची नक्कल. ती पाच वेळा वाचली. पाटाची गोष्ट काढली. राजीखुशीने कबूल आहे. पाट झाल्यावर माझे वावर जाईल त्याबद्दल तक्रार नाही. यात पाणी हा शब्दच नाही! 'फाटा' नाही, 'चार हात रुंद' नाही. मुकादमाच्या शिवीला भिऊन वाचवलेला एकेक शब्द.

रंगरावच्या घरी जाऊन त्याची गचांडी धरली. "हरामखोरा, पान्याचा पाट तुले ठाऊक नाही?"

तो घाबरला, पण डोळा चुकवला नाही. "भाऊ, शपथ घेतो. आमाले तर सगळ्यायले दुसऱ्या पाटाचंच वाटलं. सगळ्या बायकायत तेच बोलनं हाये. मनकर्णाबाईच तर तो निरोप घेऊन आली होती!"

खोटारडा. शब्द पिळून वावर काढायला निघालाय.

३ डिसेंबर

सकाळीच रुखमाबाईकडे गेलो. नऊ एकर माझ्या तीन ओळींमुळे टांगलेले, तिला धीर देणं माझं काम. ओसरीत उभ्याउभ्याच सांगितलं.

"बाई, घाबरू नका. मी तहसीलदारासमोर सरळ सांगतो, मी पान्याचं बोलाले आलो होतो. दुसरं काहीच नव्हतं."

ती जात्यावर बसली होती. जातं थांबलं.

"काहीच नव्हतं?"

"काहीच नाही. माह्या दोन्ही लेकींची आन. माह्या मनातही नव्हतं."

जात्याच्या खुंट्यावर तिचा हात तसाच होता. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. मग म्हणाली, "सगळ्यायच्या समोर सांगसान?"

"सगळ्या कचेरीसमोर सांगतो."

"बरं," म्हणाली, आणि जातं पुन्हा सुरू केलं. जात्यात दाणे नव्हते. नुसत्या दगडाचा आवाज माझ्या कानाला फार लवकर कळतो. मी तिला सांगणार होतो, पण सांगितलं नाही. रस्त्याने येताना तोच आवाज ऐकू येत राहिला.

७ डिसेंबर

मनकर्णाबाईला समोर बसवून विचारलं, "तू रुखमाबाईले नेमका काय निरोप दिला?"

"तू जो दिला तोच."

"आन तुले काय वाटलं?"

"मले जे वाटावं वाटत होतं तेच वाटलं," म्हणाली. "आता मले इचारू नको गा. वाचव त्या बाईचं वावर."

पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं वाटतं आणि नको होतं असंही. आज कुठेच गेलो नाही. फाट्याचं काम पुरं झालं म्हणून चिठ्ठी आली, ती घडी करून ठेवून दिली.

११ डिसेंबर

आमच्या तालुक्याच्या जळगावला तहसील कचेरी. गावातली बरीच माणसं गाड्या जुंपून आली होती, जशी काही जत्राच. रुखमाबाई मनकर्णाबाईबरोबर एका कोपऱ्यात, पूर्ण पदर.

तहसीलदारसाहेबांनी मला विचारलं, "या बाईशी तुम्ही पाटाची बोलणी केली?"

"केली हुजूर. पाण्याच्या पाटाची."

"मग कागदात पाणी का नाही?"

"हुजूर, मी हमाल. गाठीत कापूस आहे हे गाठीवर कोणी लिहीत नाही."

कचेरी हसली. साहेबही हसले. मला जोर चढला. लोक हसले की मला जोर चढतो, तो माझा जुना रोग. मी पुढे म्हटलं, "आणि हुजूर, या वयात पाट लावून काय करू? गुडघ्याला तेल लावू का बायकोला चोळी घेऊ?" सगळे खो खो हसले. वामनरावांनी 'कालवा' खोडलेले कागद दाखवले आणि सभेची हकीकत सांगितली. प्रकरण संपल्यात जमा होतं.

तेव्हा रंगराव उठला. "हुजूर, पान्यासाठी कोनी अंगन लिपते का? पान्यासाठी विधवा बाई बांगड्या भरते का? कासाराले बोलवा. हिनं स्वतःहून भरल्या. वावर जाते हे मले स्वतःच्या तोंडानं म्हनली, 'जाऊ द्या' म्हनली. तुळशीरामभाऊ पान्याचं बोलले असतीन. पन हिनं होकार कशाले दिला ते हिले इचारा!"

हसणं थांबलं. मी कोपऱ्याकडे पाहिलं. मनकर्णाबाईने डोळे मिटले होते. रुखमाबाईचे दोन्ही हात पदराखाली होते.

साहेब नरम आवाजात म्हणाले, "बाई, विचार करून सांगा. तुम्ही कोणत्या पाटाला होकार दिला?"

कारकुनाचा टाक दौतीवर थांबलेला. बाहेर कोणाचा तरी बैल घुंगरं हलवत होता. माझे तिखट कान, पण त्या कोपऱ्यातून श्वाससुद्धा ऐकू येईना. एका शब्दाने नऊ एकर इकडचे तिकडे होणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. वाटलं, बाई कचेरीला बुजली.

"पान्याच्या," ती म्हणाली. "हे भाऊ पान्याचंच इचाराले आले होते. दुसरं का असन?"

"आणि बांगड्या?"

"दिवाळी होती. हौस वाटली."

लिहून घेतलं. हुकूम तिथेच झाला. वावर रुखमाबाईच्या नावेच राहील. खरोखर पाट लागला तरच दिराला नव्याने अर्ज करता येईल. तोवर रंगरावने तिफण घालू नये.

लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. परतीच्या वाटेवर मनकर्णाबाई रुखमाबाईच्या गाडीत बसली, माझ्या नाही. मी जिंकलो होतो. गाडी रिकामी असूनही बैल थकल्यासारखे चालत होते, आणि मी त्यांना हाकलं नाही.

१३ डिसेंबर

काही घडलं नाही. 'हे भाऊ' म्हणाली, ते डोक्यातून जात नाही. दोन महिन्यांत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला.

१९ डिसेंबर

आज फाट्याला पाणी सुटलं. वामनरावांनी नारळ माझ्या हातून फोडवला आणि दरवाजा उचलला. खालचे अठरा जण फावडी घेऊन आपापल्या बांधांवर उभे. म्हातारे उकंडराव दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून पाणी पाहायला आले. पाणी सुकलेली पानं आणि मातीचा फेस पुढे ढकलत रुखमाबाईच्या वावरापर्यंत आलं.

पहिली पाळी तिची. पदर खोचून ती फावड्याने वाफ्याचं तोंड मोकळं करत होती. हातात बांगड्या नव्हत्या. पंच म्हणून मला जवळ जाणं भाग होतं.

"आलं पानी," मी म्हटलं.

"आलं."

फावडं चालूच होतं. वाफ्यात पाणी शिरलं. मग माझ्याकडे न पाहता, शेजारच्या वावरातल्या माणसालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"त्या दिवशी कचेरीत तुम्ही खरं बोलले. मी खोटं बोलली."

लिपलेलं अंगण. दोनदा वाचून घेतलेली ओळ. रिकामं जातं. माझ्या लेकींची आण. आणि भर कचेरीत केलेली ती गुडघ्याच्या तेलाची थट्टा. सगळं मला ऐकू आलं होतं, एकही आवाज चुकला नव्हता.

तोंडाशी एक शब्द आला. तो मी काढला असता आणि तिने मान हलवली असती, तर हा गहू, हे पाणी, हे नऊ एकर उद्या सकाळी पुन्हा कचेरीत. पलीकडच्या बांधावर रंगराव गुडघ्यांना मिठी मारून बसला होता आणि पाण्याकडे न पाहता आम्हा दोघांकडेच पाहत होता.

"पानी कवापर्यंत ठेवू?" तिने विचारलं.

"तिसऱ्या प्रहरापर्यंत. मंग खालच्याची पाळी."

तिने मान डोलावली. मी पाण्याच्या बाजूने खाली चालायला लागलो. अजून अठरा वावरं पाहायची होती.